हवा, पाणी, जमीन आणि एकच आकडा: निर्देशक एकत्र करण्याचं गणित

झरपट (धागालेखक)

चंद्रपूरचा आकडा ८३.८८. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं डिसेंबर २००९ मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणाची गुणवारी (शंभरपैकी, आकडा जास्त म्हणजे प्रदूषण जास्त) जाहीर केली, तेव्हापासून हा आकडा आमच्याकडे निवेदनांत, भाषणांत, बातम्यांत फिरतोय. अंकलेश्वर ८८.५०, वापी ८८.०९, गाझियाबाद ८७.३७ आणि चौथं चंद्रपूर. निर्देशांकाचं पूर्ण नाव सर्वसमावेशक पर्यावरण प्रदूषण निर्देशांक, पण सगळे त्याला ‘सेपी’च म्हणतात. ७० च्या वर गेलेले ४३ पट्टे ‘अतिप्रदूषित’ ठरले आणि जानेवारी २०१० मध्ये तिथल्या नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुऱ्या थांबवण्यात आल्या. ज्या आकड्यानं एवढं अडतं, तो कुठल्या आकडेमोडीतून आला हे तपासायला नको का?

चंद्रपूरचे तीन उपनिर्देशांक असे आहेत: हवा ७०.७५, पाणी ६७.५०, जमीन ६६.५०. सरासरी काढली तर ६८.२५ येते. तिघांतला सगळ्यात मोठा घेतला तर ७०.७५. ८३.८८ या दोन्हींच्या कितीतरी वर आहे.

त्याचं कारण सूत्रात आहे. तिघांतला सगळ्यात मोठा आकडा आधी घ्यायचा. तो शंभरपासून जेवढा लांब आहे तेवढी जागा शिल्लक राहिली. बाकीच्या दोघांचा गुणाकार करून त्या शिल्लक जागेतला तेवढा हिस्सा मोठ्या आकड्यात मिळवायचा.

सेपी = मोठा + (१०० − मोठा) × (दुसरा ÷ १००) × (तिसरा ÷ १००)

चंद्रपूर: ७०.७५ + २९.२५ × ०.६७५ × ०.६६५ = ७०.७५ + १३.१३ = ८३.८८

या सूत्रात एक ठाम भूमिका आहे. पाणी आणि जमीन कितीही स्वच्छ असोत, त्यामुळे घाण हवेला सूट मिळत नाही. दुसरा आणि तिसरा आकडा अगदी शून्यावर आणलात तरी एकूण आकडा ७०.७५ च्या खाली जायचा नाही. सरासरीत मात्र पाणी पाच अंकांनी सुधारलं की हवा पाच अंकांनी बिघडवायची मुभा मिळते आणि एकूण आकडा जागचा हलत नाही.

शाश्वततेच्या मोजमापावरच्या चर्चांमध्ये निर्देशक कोणते घ्यायचे यावर खूप बोललं जातं, भारांकांवर, म्हणजे कुठल्या निर्देशकाला किती महत्त्व द्यायचं यावर, थोडंफार. ते एकत्र कसे करायचे हे सगळं ठरल्यावर कुणीतरी तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात लिहून टाकतं. पण कुठलं नुकसान कशानं भरून निघतं आणि कुठलं कशानंच भरून निघत नाही, याचा निर्णय त्याच रकान्यात होतो. तो आधी, सगळ्यांसमोर व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे. इथे सांख्यिकीवाले, पर्यावरणवाले, गावपातळीवर काम करणारे सगळे आहेत, म्हणून हा धागा.

रानफूल

वाखुसा (वाचनखूण साठवली). सूत्र कागदावर करून पाहिलं, वापीचंही जुळलं (७४.५०, ७४.००, ७२.००). उरलेल्या जागेतला हिस्सा घेण्यामागे काही तर्क आहे, की शंभरच्या आत राहावं एवढंच?

मापटं

झरपट, धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद. मी सांख्यिकी शिकवते आणि हा विषय दरवर्षी वर्गात घेते.

रानफूल, दोन्ही कारणं आहेत. शंभरच्या आत राहतं हे तर खरंच. शिवाय दुसरा आणि तिसरा यांचा गुणाकार असल्यामुळे दोन्ही एकत्र जास्त असतील तरच भर मोठी पडते. पाणी ६० आणि जमीन ६० असेल तर हिस्सा ०.३६. पाणी ९० आणि जमीन ३० असेल तर बेरीज तीच, पण हिस्सा ०.२७.

निर्देशांकांच्या अभ्यासात दोन दोष जुने आणि ओळखीचे आहेत. पहिला, झाकोळ: एक निर्देशक भयानक असतो आणि बाकीचे चांगले असल्यामुळे एकूण आकड्यात तो दिसतच नाही. हा सरासरीचा दोष. दुसरा, खोटा गजर: एकही निर्देशक मर्यादेपलीकडे नसतो, पण एकत्र केल्यावर एकूण आकडा मर्यादा ओलांडतो. हा साध्या बेरजेचा दोष. दोन्ही टाळायचे असतील तर सगळ्यात वाईट आकडा उचलायचा, बस्स. आपला राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक तेच करतो. आठ प्रदूषकांचे उपनिर्देशांक काढतात आणि त्यांतला सर्वांत मोठा तोच त्या दिवसाचा एक्यूआय. सूक्ष्म कणांचा उपनिर्देशांक ३०० असेल तर ओझोन, अमोनिया, शिसं किती का चांगलं असेना, एक्यूआय ३०० च.

सर्वात मोठा आकडा घ्यायची पद्धतही मोफत मिळत नाही. एका ठिकाणी फक्त सूक्ष्म कण जास्त आहेत आणि दुसऱ्या ठिकाणी सूक्ष्म कणांसोबत नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओझोनही तेवढेच जास्त आहेत, तरी दोघांचा एक्यूआय सारखाच. फुप्फुसाला तो सारखा नाही. सेपीचं सूत्र मधली वाट काढतं: मोठ्याला धरून ठेवतं आणि बाकीच्यांचं ओझं वर चढवतं. झाकोळ टळतो, खोट्या गजराची शक्यता राहते. ती शक्यता जाणूनबुजून पत्करलेली आहे असं मला वाटतं, कारण तिन्हीकडून थोडं थोडं सोसणाऱ्या वस्तीचं ओझं त्याशिवाय दिसणार नाही.

खाडीपलीकडे

डोंबिवलीकर. एमआयडीसी फेज दोनच्या जवळ राहतो. रात्री खिडकी उघडायची की नाही हे वास बघून ठरतं, त्यामुळे हे आकडे माझ्यासाठी पुस्तकी नाहीत.

आमचे आकडे काढले. २००९ ची हवा ६६.००, पाणी ६३.५०, जमीन ५७.५०, सेपी ७८.४१. तिन्हीपैकी एकही ७० च्या वर नाही. नवी मुंबई: ६१, ५९, ५५.५०, तरी ७३.७७. तारापूर: ६०.७५, ५६.००, ५१.२५, तरी ७२.०१. तारापूरची सरासरी तर बरोबर ५६ येते. मापटंताई, हाच का तो खोटा गजर? एखादा कारखानदार कोर्टात म्हणाला, ‘आमचा एकही आकडा सत्तरीच्या वर नाही, मग आम्ही अतिप्रदूषित कसे?’ तर त्याला काय सांगायचं?

झरपट

त्याला सांगायचं की सत्तरची रेषा एकत्रित आकड्यासाठी आहे. एकेकट्या उपनिर्देशांकासाठी त्याच अहवालात रेषा वेगळी आहे: ६० च्या वर ‘गंभीर’, ५० ते ६० ‘तीव्र’. म्हणून अहवालात प्रत्येक पट्ट्यापुढे हवा, पाणी, जमीन यांची वेगवेगळी खूणही छापलेली आहे. चंद्रपूरला तिन्ही गंभीर. डोंबिवलीला हवा आणि पाणी गंभीर, जमीन तीव्र. तारापूरला फक्त हवा गंभीर, बाकी दोन्ही तीव्र.

सूत्र एकत्रित आकड्याला वर ढकलतं, म्हणून रेषाही वर नेली आहे. सूत्र आणि रेषा यांची जोडी असते. सूत्र बदलून सरासरी घ्यायची आणि रेषा ७० वरच ठेवायची, तर चंद्रपूरही सुटतं. रेषा ५५ वर आणली तर तारापूर पुन्हा आत येतं. त्यामुळे ‘सरासरीनं चंद्रपूर अतिप्रदूषित नाही’ असं कुणी म्हणालं तर पहिला प्रश्न विचारायचा, ‘कुठल्या रेषेनं?’

सरळरेषा

एक शंका. चंद्रपूर, डोंबिवली, नवी मुंबई, तारापूर हा क्रम सेपीनं येतो, सरासरीनं येतो आणि सर्वात मोठ्या आकड्यानंही तोच येतो. मग सूत्रावर एवढी चर्चा कशाला? रेषा नीट ओढली की झालं.

मापटं

या चार ठिकाणी क्रम बदलत नाही, कारण चौघांचेही तिन्ही आकडे एकमेकांच्या आसपास आहेत. आकडे एकांगी झाले की बदलतो. एक कल्पित उदाहरण घ्या: पहिल्या गावाची हवा ७५, पाणी २०, जमीन २०. दुसऱ्या गावाचं तिन्ही ६०. सरासरीनं पहिलं ३८.३ आणि दुसरं ६०, म्हणजे दुसरं खूपच वाईट. सेपीच्या सूत्रानं पहिलं ७६, दुसरं ७४.४, म्हणजे पहिलं वाईट. आधी कुठे पैसा लावायचा ते पूर्ण उलटलं.

मानव विकास निर्देशांकाचं उदाहरण याच कारणासाठी महत्त्वाचं आहे. १९९० साली अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी तो आणला, अमर्त्य सेन त्या कामात सोबत होते. सुरुवातीची जवळपास वीस वर्षं आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांची साधी सरासरी घेत. २०१० पासून भूमितीय मध्य घेतात: तिघांचा गुणाकार करायचा आणि घनमूळ काढायचं. यात मागे पडलेल्या घटकाची ओढ जास्त बसते. दोनच घटक धरले आणि ते ९५ आणि २५ असले तर सरासरी ६०, भूमितीय मध्य ४८.७. दोन्ही ६० असले तर दोन्ही पद्धतींनी ६०.

हा बदल सगळ्यांना पटला असं नाही. मार्टिन रॅवॅलियन या अर्थतज्ज्ञानं दाखवून दिलं की नव्या सूत्रात गरीब देशातल्या माणसाच्या आयुष्यातल्या एका जादा वर्षाचं मोल, उत्पन्नाच्या तुलनेत, आणखी कमी धरलं जातं. देवाणघेवाणीचा दर प्रत्येक सूत्रात असतोच. सरासरीत तो सगळीकडे सारखा, भूमितीय मध्यात तुम्ही कुठे उभे आहात त्यावर बदलणारा. तो लिहून काढला नाही तर कुणाच्या लक्षात येत नाही इतकंच.

कॅल्शियममास्तर

यवतमाळ जिल्ह्यात रसायनशास्त्र शिकवतो. माझा अनुभव पिण्याच्या पाण्याचा.

आमच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅम स्वीकारार्ह, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याच्या वर वर्षानुवर्षं प्यायलं की आधी दातांवर डाग, मग सांधे आणि हाडं. गावात पाण्याचा अहवाल येतो त्यात दहा घटक असतात: सामू, क्लोराइड, कठीणता, नायट्रेट, क्षार वगैरे. कुणी त्यांचा मिळून ‘पाणी गुणवत्ता निर्देशांक’ काढतं. नऊ घटकांना ९० गुण आणि फ्लोराइडला १०, तर सरासरी ८२. अहवालावर ‘चांगले’ असा शिक्का. सरपंच तो कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावतो आणि त्याच विहिरीवरून पोरं बाटल्या भरतात.

मापटंताई, इथे भूमितीय मध्य घेतला तर वाचता येईल का?

मापटं

मास्तर, नाही वाचता येणार, आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवं. नऊ वेळा ९० आणि एकदा १० यांचा भूमितीय मध्य ७२ च्या जवळ येतो. तोही ‘चांगला’च दिसतो. घटक तीन असताना भूमितीय मध्य बऱ्यापैकी धाक ठेवतो. दहा झाले की एका घटकाचा आवाज दबतो, वीस झाले की ऐकूच येत नाही. निर्देशक वाढवले म्हणजे मोजमाप जास्त खरं होतं असा समज आहे. भरपाई करू देणाऱ्या सूत्रात उलट होतं: प्रत्येक नवा चांगला निर्देशक वाईटावर थोडं पांघरूण घालतो.

आरोग्याला थेट घातक असलेल्या घटकासाठी सरासरी नको, भूमितीय मध्यही नको. तिथे उंबरठा हवा. फ्लोराइड १.५ च्या वर गेलं की निर्देशांक काढायचाच नाही, ‘पिण्यास अयोग्य’ एवढंच लिहायचं. बाकीच्या नऊ घटकांचं गणित त्यानंतर.

उत्तरायण

स्टुटगार्टहून. माझं काम वस्तूंच्या जीवनचक्र मूल्यांकनाचं: एखादी बाटली, बॅटरी, कापड कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंत किती नुकसान करतं ते मोजायचं. हवामानबदल, आम्लीकरण, पाण्याचा वापर, विषारीपणा असे अनेक रकाने येतात.

मापटंताई म्हणतात तो उंबरठा गणितात बसवणारी एक अख्खी परंपरा फ्रान्समध्ये उभी राहिली. बर्नार्ड रॉय यांनी १९६० च्या दशकात ‘इलेक्ट्र’ नावाची पद्धत मांडली. त्यात गुणांची बेरीजच नसते. दोन पर्याय समोरासमोर ठेवायचे, किती निर्देशकांवर पहिला दुसऱ्याइतका चांगला आहे ते भारांकांसह मोजायचं, आणि पुरेसं बहुमत असेल तरच पहिला वरचढ. त्यात नकाराधिकार आहे: एका जरी निर्देशकावर पहिला ठरावीक अंतरापेक्षा जास्त मागे असला तर बहुमत असूनही तो वरचढ ठरत नाही. मास्तरांच्या विहिरीला नेमका हाच नकाराधिकार हवा.

याचीही किंमत आहे. जोड्या लावून तुलना केली की कधीकधी पहिला दुसऱ्याहून वरचढ, दुसरा तिसऱ्याहून, आणि तिसरा पहिल्याहून, असं चक्र तयार होतं. मतदानाच्या संदर्भात काँडोर्से या फ्रेंच गणितज्ञानं अठराव्या शतकात हे दाखवलं होतं. अर्थतज्ज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९५१ मध्ये सिद्ध केलं की अगदी मोजक्या आणि रास्त वाटणाऱ्या अटी एकाच वेळी पाळणारी क्रमवारीची पद्धत असूच शकत नाही. काहीतरी सोडावंच लागतं. काय सोडलं ते सांगायची मात्र सोय असते.

आमच्या क्षेत्रात आंतरराष्ट्रीय मानकानं एक कडक नियम घालून दिलाय. आयएसओ १४०४४ प्रमाणे, दोन वस्तूंची तुलना करून ‘आमची वस्तू पर्यावरणाला जास्त चांगली’ असा दावा लोकांसमोर करायचा असेल, तर त्या अभ्यासात निरनिराळे रकाने भारांक लावून एकत्र करायला मनाई आहे. कंपनीला अंतर्गत निर्णयासाठी एकत्र आकडा काढता येतो, जाहिरातीसाठी नाही. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण भारांक ज्याच्या हातात त्याचीच वस्तू जिंकते.

मांडवीतीर

गोंयकार इथे. नीती आयोगाच्या शाश्वत विकास उद्दिष्टांच्या निर्देशांकाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. २०१८ पासून निघतो. प्रत्येक उद्दिष्टाला शंभरपैकी गुण आणि मग उद्दिष्टांची साधी सरासरी, सगळ्यांना समान भार.

समान भार म्हणजे निःपक्षपातीपणा असं वाटतं, पण एका उद्दिष्टात निर्देशक दोन-चार आणि दुसऱ्यात आठ-दहा असले तर पहिल्यातल्या प्रत्येक निर्देशकाला आपोआप दुपटीतिपटीचा भार मिळतो. तो कुणी ठरवलेला नसतो, रचनेतून येतो.

आमच्यासाठी दुखरी गोष्ट चौदावं उद्दिष्ट, समुद्री जीवन. ते किनारपट्टीच्या राज्यांनाच लागू पडतं, म्हणून राज्याच्या एकूण गुणांत धरत नाहीत. तुलना न्याय्य राहावी यासाठी ते समजण्यासारखं आहे. पण जिथे मासेमारी, खाजन (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या) जमिनी, किनारे यांवर जगणं चालतं, त्या गोव्याच्या शाश्वततेच्या एकूण आकड्यात समुद्र नाही. कोकणाच्या बाबतीत महाराष्ट्राचंही तेच. समुद्राचे गुण वेगळे छापलेले असतात, ते वाचायची सवय लावून घ्यावी लागेल.

सरळरेषा

मी नियोजनाच्या कामात अनेक वर्षं आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. तुम्ही सगळे म्हणताय ते गणित म्हणून बरोबर आहे. पण बारा रकान्यांचा तक्ता घेऊन गेलो तर बैठकीत कुणी बघत नाही. ‘आपला जिल्हा अठ्ठाविसावा’ म्हटलं की पालकमंत्र्यांपासून सगळे ताठ बसतात. चंद्रपूरला ८३.८८ आकडा नसता तर दिल्लीत कुणी चंद्रपूरचं नाव घेतलं असतं का? एकच आकडा हवाच. भारांक तज्ज्ञांकडून घ्या. त्यासाठी थॉमस साटी या गणितज्ञाची जोडीतुलनेची पद्धत आहे (दोन-दोन निर्देशक समोर ठेवून कुठला किती महत्त्वाचा ते तज्ज्ञाला विचारायचं), विसंगती किती ते तपासायची कसोटीही तिच्यात आहे.

उत्तरायण

सरळरेषा, आकड्याच्या ताकदीबद्दल तुमच्याशी सहमत. तज्ज्ञांच्या भारांकांबद्दल नाही. २०२२ चा पर्यावरण कामगिरी निर्देशांक आठवा, अमेरिकेतल्या येल आणि कोलंबिया विद्यापीठांतला. भारत १८० पैकी १८० वा, गुण १८.९. आपल्या पर्यावरण मंत्रालयानं तो फेटाळला. आक्षेपांतला एक मोठा मुद्दा असा की २०५० मधल्या उत्सर्जनाचा अंदाज गेल्या दहा वर्षांच्या सरासरी वाढीची रेघ पुढे ओढून काढला आणि त्याला भार मोठा दिला, तर दरडोई उत्सर्जनाला कमी. मंत्रालयाचे सगळे आक्षेप मला पटत नाहीत, आपली हवा वाईट आहे हे खरंच आहे. पण दरडोई उत्सर्जन मोजायचं की भविष्यातलं एकूण, हा न्यायाचा प्रश्न आहे. साटींची कसोटी एवढंच तपासते की तज्ज्ञ स्वतःशी सुसंगत आहे की नाही. त्याचं बरोबर आहे की नाही हे ती सांगत नाही.

मापटं

आणि एक पुरवणी. काही जण भारांक तज्ज्ञांना न विचारता मुख्य घटक विश्लेषण या सांख्यिकी पद्धतीनं काढतात आणि ‘आकड्यांनीच ठरवले’ म्हणतात. ते विश्लेषण एकमेकांसोबत हलणाऱ्या निर्देशकांना जास्त भार देतं. जो निर्देशक बाकीच्यांपासून वेगळा चालतो त्याला कमी भार मिळतो, आणि मास्तरांचं फ्लोराइड तर नेमकं वेगळंच चालतं.

शिवारफेरी

गावपातळीवरचं सांगतो. पाणलोटाच्या कामात गावांची क्रमवारी लावायची होती, भारांक गावकऱ्यांनीच ठरवायचे होते. समाजमंदिरात जमिनीवर खडूनं सहा चौकोन काढले: पिण्याच्या पाण्याचं अंतर, बंधाऱ्यातली साठवण, चारा, सरपण, मातीची धूप, सांडपाणी. प्रत्येकाला मूठभर चिंचोके दिले, महत्त्व वाटेल तसे मांडा म्हणालो. पुरुषांनी साठवणीच्या चौकोनात ढीग घातला. बायका आधी मागे उभ्या होत्या, मग एका आजीनं स्वतःचे सगळेच्या सगळे चिंचोके पाण्याच्या अंतरावर ठेवले आणि ‘बाकीचं तुम्ही बघा’ म्हणून बसल्या. त्यांच्यामागून आलेल्या बायकांनीही बहुतेक तिथेच ठेवले.

सगळे चिंचोके एकत्र मोजले असते तर दोन्ही चौकोनांना सारखंच महत्त्व आलं असतं, आणि तसं गावात कुणालाच वाटत नव्हतं. आम्ही बायकांच्या भारांकांनी एक क्रमवारी लावली आणि पुरुषांच्या भारांकांनी दुसरी. दोन्ही ग्रामसभेत शेजारी शेजारी लावल्या. जी गावं दोन्हींत तळाशी होती तिथे वाद झालाच नाही, काम लगेच सुरू झालं. वाद उरलेल्या गावांपुरता राहिला आणि तो मोकळेपणानं झाला. सरळरेषा, एका आकड्याशिवायही काम पुढे सरकतं हे मी पाहिलंय.

आणि एक सापळा, जो क्रमवारी लावणाऱ्या प्रत्येकानं तपासावा. निर्देशकांची एककं वेगळी असतात म्हणून आपण किमान शून्य आणि कमाल एक असं करून घेतो. समजा ‘अ’ गावात सांडपाण्यावर प्रक्रिया ४० टक्के आणि दरडोई साठवण ६० घनमीटर, ‘ब’ गावात ५० टक्के आणि ४५ घनमीटर. दोन्हींची किमान शून्य आणि कमाल १०० धरून सरासरी काढली तर ‘अ’ ०.५० आणि ‘ब’ ०.४७५. ‘अ’ पुढे. आता यादीत एक तिसरं गाव आलं, ज्याची साठवण २०० घनमीटर. साठवणीची कमाल २०० झाली. ‘अ’ ०.३५, ‘ब’ ०.३६२५. ‘ब’ पुढे! दोन्ही गावांत एक थेंबही इकडचा तिकडे झालेला नाही. कमाल-किमान आधीच ठरवून स्थिर ठेवा. मानव विकास निर्देशांकात आयुर्मानासाठी २० आणि ८५ वर्षं अशा बांधलेल्या मर्यादा आहेत त्या यासाठीच.

रानफूल

चिंचोक्यांचा प्रतिसाद जपून ठेवला. आमच्या तालुक्यात करून बघणार.

झरपट

सरळरेषा यांचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. ८३.८८ मुळेच चंद्रपूरची दखल घेतली गेली हे इथे राहणारा मी नाकारू कसा? पण एक्यूआयकडे बघा. आकडा एकच, तरी मंडळाच्या रोजच्या पत्रकात त्याच्या शेजारी त्या दिवसाचा प्रमुख प्रदूषक छापलेला असतो. आकडा खडबडून जागं करतो आणि शेजारचं नाव काय करायचं ते सांगतं. सेपीतही हवा-पाणी-जमिनीच्या खुणा होत्या. बातम्यांनी आणि आम्ही आंदोलकांनीही फक्त एकूण आकडा उचलला.

वर्षावर्षांची तुलना करणाऱ्यांसाठी आणखी एक. २०१६ मध्ये सेपीचे निकष बदलले. २०१८ च्या मोजणीत चंद्रपूर ७६.४१ वर आलं आणि तारापूर ९३.६९ घेऊन देशात पहिलं. ‘चंद्रपूर सुधारलं’ आणि ‘तारापूर बावीस अंकांनी बिघडलं’ ही दोन्ही वाक्यं मी सभांमधून ऐकली आहेत. मोजपट्टी बदलल्यावर दोन्ही टोकांचे आकडे वजा करून असं काही म्हणता येत नाही. म्हणायचं असेल तर २००९ चे कच्चे आकडे नव्या निकषांत घालून पुन्हा मोजायला हवेत.

खाडीपलीकडे

हा धागा वाचून तारापूरचे २००९ चे आकडे पुन्हा घेऊन बसलो. प्रश्न असा घातला: पाच अंकांची सुधारणा करायला पैसे आहेत, तर कुठे लावले की सेपी सगळ्यात जास्त उतरेल?

जमीन ५१.२५ वरून ४६.२५ केली: सेपी ७२.०१ वरून ७०.९२.
पाणी ५६ वरून ५१ केलं: ७१.०१.
हवा ६०.७५ वरून ५५.७५ केली: आता पाणी सगळ्यात मोठं ठरतं, ५६ + ४४ × ०.५५७५ × ०.५१२५ = ६८.५७.

म्हणजे हवेवर काम केलं तर पट्टा सत्तरच्या खाली उतरतो, बाकी दोन्हींनी नाही. साध्या सरासरीत तिन्हीकडे सारखाच, १.६७ अंकांचा फायदा दिसला असता, आणि मग माणूस साहजिकच स्वस्तात होईल ते आधी उरकेल. झरपट, हे सूत्र अधिकाऱ्याला सांगतंय की सगळ्यात वाईट आहे तिथे आधी जा. हे असं मुद्दाम केलं असेल का?

झरपट

सूत्र लिहिताना त्यांच्या मनात काय होतं ते अहवालावरून ठरवता येणार नाही, पण परिणाम तुम्ही काढलात तोच आहे. एक पुढचं गणित करून पाहा. हवा ५५.७५ झाल्यावर पुढचे पाच अंक कुठे लावायचे? आता पाणी मोठं आहे, पण हवा त्याच्या अगदी पाठीला पाठ लावून उभी आहे.

खाडीपलीकडे

केलं. पाणी ५१ वर आणलं तर हवा पुन्हा मोठी ठरते: ५५.७५ + ४४.२५ × ०.५१ × ०.५१२५ = ६७.३२. जमीन ४६.२५ केली तर ५६ + ४४ × ०.५५७५ × ०.४६२५ = ६७.३५. म्हणजे दोन्हीकडून जवळजवळ सारखंच. पहिल्या पाच अंकांनी साडेतीन मिळाले होते, आता सव्वाच मिळतोय. दोघं बरोबरीला आले की एकट्यादुकट्यावर काम करून भागत नाही, हवा आणि पाणी दोन्ही सोबत उतरवावी लागतात. डोंबिवलीच्या आकड्यांवर हेच करून उद्या तक्ता टाकतो.